डोळे मिटले की हिशेबच दिसतो

“ताई, सगळे कसे शांत बसते. माह्याच डोक्यात बाजार भरते. डोये मिटले का हिशेबच दिसते. माहं मनच पापी हाय का?”

ध्यानाला बसू पाहणाऱ्या अनेकांनी हा प्रश्न मला विचारला आहे. शिक्षकांनी, अंगणवाडी सेविकांनी, एका निवृत्त तलाठ्यांनीसुद्धा. पण इतक्या थेट शब्दांत विचारला तो कुंदाताईंनी. खरं नाव वेगळं आहे, आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. वर्धा आणि यवतमाळच्या मधल्या पट्ट्यातलं गाव, चाळिशी ओलांडलेलं वय. चार एकर वावर, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि तूर, विहिरीच्या पाण्यावर थोडा चणा. सोयाबीन दोन हंगाम हातचं गेलेलं. पीककर्ज थकलेलं, बचत गटाचा हप्ता डोक्यावर, आणि लेक बारावीला तालुक्याच्या गावी खोली करून राहिलेली.

त्यांच्या गावात गुरुदेव सेवा मंडळ आहे. तुकडोजी महाराजांनी मोझरीहून घालून दिलेली शिस्त विदर्भातल्या कितीतरी खेड्यांत अजून पाळली जाते. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. जावेच्या आग्रहानं कुंदाताई पहाटे जाऊ लागल्या. झोप लागत नव्हतीच, निदान देवाधर्माचं तरी होईल, असा त्यांचा हिशेब. झालं उलटंच. दिवसभर कामात दबलेले विचार पहाटे डोळे मिटताच एकामागून एक वर यायचे, आणि शेजारची बाई स्थिर बसलेली पाहून त्यांना स्वतःची लाज वाटायची.

ध्यानाची गोष्ट मी लगेच काढली नाही. आधी झोप, भूक, पाळी, थकवा यांची चौकशी केली. रात्री तीनला जाग येते आणि मग छातीत धडधड, असं त्या म्हणाल्या. मग सरळ विचारलं, “जगूच नये असं कधी वाटतं का?” असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात तो विचार शिरेल, ही भीती घरोघरी आहे. ती खोटी आहे. विचारल्यानं बहुतेकांना सुटका वाटते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “मागल्या साली वाटे. आता नाही. पोरगी हाय नं.” तसं वाटलं तर कुणाला सांगायचं, घरातलं कीटकनाशक कुठे आणि कुणाच्या ताब्यात ठेवायचं, हे आम्ही त्याच दिवशी ठरवून टाकलं. आमच्या भागात हा प्रश्न टाळून पुढं जाता येत नाही.

दुसरं काम त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवण्याचं. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. धडधड आणि थकव्याचा एक वाटा त्यात होता. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. ध्यानानं हिमोग्लोबिन वाढत नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण कुंदाताईंच्या पुतण्यानं मोबाइलवर काहीबाही दाखवून “काकू, ध्यानानं सगळे रोग जाते” असं त्यांना पटवून ठेवलं होतं.

मग आलो मूळ प्रश्नावर. पिकाच्या दोन ओळींमधल्या तासातून बैल चालवून तण काढतात, ती डवरणी. त्यांना विचारलं, “डवरणी करताना बैल तासातून बाहेर जातो का?”

“जाते नं. बाजूचं हिरवं दिसलं का जाते.”

“मग काय करता?”

“कासरा ओढतो, परत तासात आनतो.”

“त्या दिवशीची डवरणी फसली, असं म्हणता?”

त्या हसल्या. “नाही म्हनत. पन बैलाले शिव्या देतो मातर.”

मला हवं ते त्यांच्या तोंडूनच आलं. विचार आला, लक्ष भरकटलं, ते आपल्याला कळलं आणि आपण ते श्वासावर परत आणलं, यालाच ध्यान म्हणायचं. भरकटल्यावर परत येणं ही त्यातली मेहनत आहे, आणि ती जितक्या वेळा होईल तितकी चांगली. कुंदाताई मात्र प्रत्येक वेळी परत येताना स्वतःला शिवी हासडत होत्या. त्रास विचारांनी कमी आणि त्या शिव्यांनीच जास्त होत होता. आणि पापी म्हणाल तर अर्जुनानंही कृष्णापुढं हेच रडगाणं गायलं होतं, की हे मन वाऱ्यासारखं आवरत नाही. कृष्णानं त्याला पापी ठरवलं नाही. मन आवरायला कठीण आहे हे मान्य केलं आणि अभ्यास सांगितला. हे ऐकून त्यांचा चेहरा खरोखर सैल झाला. 2010 साली अमेरिकी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सव्वादोन हजार माणसांना दिवसभरात मधूनमधून फोनवर विचारलं होतं, आत्ता तुमचं लक्ष कुठे आहे? जवळपास निम्म्या वेळा ते हातातल्या कामावर नव्हतं. तेव्हा बाजार एकट्या कुंदाताईंच्याच डोक्यात भरत नाही.

मंडळात जाणं सोडा, असं मी म्हटलं नाही. चारचौघांत बसण्यानं नियम टिकतो, आणि ती सोबत मोठी असते. फक्त त्याशिवाय घरी, गाय दोहून झाल्यावर, ओसरीत भिंतीला पाठ टेकून पाच मिनिटं बसायचं ठरलं. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही, नजर जमिनीवर ठेवली तरी चालते. बाहेर जाणारा श्वास मोजायचा, एक ते दहा. चुकलं की पुन्हा एक. श्वास सोडणं घेण्यापेक्षा किंचित लांब असू द्यायचं, त्यानं हृदयाची गती थोडी उतरते.

हिशेबाचं काय? तो खराच होता, त्याला मनातून हुसकावून चालणार नव्हतं. म्हणून संध्याकाळी दिवाबत्तीनंतर अर्धा तास वहीसाठी ठेवला. कुणाचं किती देणं, कधी, आणि उद्या त्यातलं काय करता येईल. पहाटे हिशेब आठवला की त्याला सांगायचं, तुझी वेळ संध्याकाळची. चिंतेला अशी वेळ नेमून देण्याचं तंत्र समुपदेशनात 1980च्या दशकापासून वापरात आहे. कुंदाताईंच्या वहीतलं अक्षर लेकीचं होतं. म्हणजे शनिवार-रविवारी घरी आल्यावर लेकही त्या हिशेबाला बसू लागली, हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फायदा.

पहिल्या आठवड्यानंतर त्या म्हणाल्या, “काहीच नाही झालं.” दुसऱ्यांदा आल्या तेव्हाही तेच. मग एकदा सहज बोलता बोलता सांगितलं, लेकीनं फोनवर पैसे मागितले तेव्हा गळा दाटून आलेला आधी कळला, आणि बोलायला जीभ सुटली ती जरा थांबून. नाहीतर पोरीवर ओरडणं ठरलेलंच. हे एवढंसं वाटेल. मला विचाराल तर नियमित बसण्यातून मिळतं ते हेच. कर्ज तसंच राहतं, पण कर्जाच्या आठवणीनं पोरीवर खेकसणं कमी होतं. पुढं नवरा-बायको मिळून बँकेत कर्जाच्या पुनर्गठनाची विचारणा करायला गेले. ते ध्यानामुळं की वहीमुळं, सांगता येणार नाही. बहुधा वहीमुळं.

वेचणीतलं एक त्यांनी स्वतःच शोधलं. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचतात, तेव्हा लक्ष आपोआप बोटांत येतं. मग दोन-तीन ओळी त्या तेवढ्यावरच राहून कापूस ओटीत टाकत जातात. मी हे शिकवलं नव्हतं.

पुतण्याला मी एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते. 2014 मध्ये 47 चाचण्या एकत्र तपासून एक मोठा आढावा निघाला. नियमित ध्यानानं चिंता, उदासी आणि वेदना काही प्रमाणात कमी होतात, असं त्यात दिसलं. पण औषधं, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. पुतण्याचं पुढचं म्हणणं, काकूंना दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरालाच पाठवू. ते शिबिर शिस्तीचं आहे, अनेकांना लाभतंही. पण मौन पाळून रोज दहाएक तास बसणं ही झोप उडालेल्या माणसाची पहिली पायरी नव्हे. काहींना तर डोळे मिटले की जुना आघात उसळून येतो, भीती वाढते, आवाज ऐकू येतात. अशांनी बसणं थांबवावं आणि डॉक्टरांना भेटावं. रात्री-बेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

परवा भेटल्या तेव्हा वेचणीचा जोर होता. पहाटेचं बसणं सुटलं होतं, म्हणून पुन्हा अपराधी चेहरा. “पयल्यापासून करा लागन का?” मी म्हटलं, पहिलं-दुसरं काही नसतं, उद्या पाच मिनिटं बसा. जाता जाता नवऱ्याचा निरोप दिला. या आठवड्यात पंपाची लाइन रात्रीची आहे, तर चण्याला पाणी द्यायला जाताना चालता चालता श्वास मोजला तर चालते का? मी साफ नाही म्हणून सांगितलं. रात्री धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लक्ष टॉर्चच्या उजेडात आणि पायाखालीच ठेवायचं, तिथे साप असतात. घरी येऊन हातपाय धुतल्यावर बसा म्हणावं, आणि त्याआधी तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंका.