व्यत्यय नव्हे, हाक

दारव्ह्याकडच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "सेमिनार मराठीतून द्यायचा आहे. कर्नलमध्ये एक प्रोसेसर दुसऱ्याला इंटरप्ट पाठवतो, त्याला 'आंतरप्रक्रियक व्यत्यय' म्हणू का? आणि इंटरप्ट 'आला' म्हणायचं की 'आलं'?" (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरला हातचं काम सोडून दुसरं करायला लावणारा इशारा.)

बाबू, व्यत्यय म्हणू नको. या शब्दाचा मला वीट आला आहे. लाइन गेली की व्यत्यय, माइक बिघडला की व्यत्यय, भाषण लांबलं तरी व्यत्यय. मुळात संस्कृतात त्याचा अर्थ अडथळा नव्हेच, उलटापालट. पाणिनीचं 'व्यत्ययो बहुलम्' हे सूत्र वेदातल्या रूपांच्या अदलाबदलीबद्दल आहे. मराठीने पुढे अडथळ्याचा अर्थ दिला, तो राहू दे. पण व्यत्यय आपसूक येतो, त्याला धनी नसतो. कर्नलमधला हा इंटरप्ट मुद्दाम आणि नेम धरून पाठवलेला असतो. इंटेलच्या घडणीत पाठवणारा प्रोसेसर आपल्या लोकल एपिकच्या, म्हणजे इंटरप्ट पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाच्या, रजिस्टरात (छोट्या नोंदीच्या खणात) कोणाला आणि कितव्या नंबरचा हे लिहितो. कशासाठी ते नंबरावरून कळतं. नंबर 0 ते 255, त्यातले पहिले 32 राखीव. एआरएम या दुसऱ्या घडणीत अशा इंटरप्टांसाठी 0 ते 15 हे 16 नंबर ठेवले आहेत.

कोणाला आणि कशासाठी, हे ज्यात दोन्ही आलं ती हाक. आणि हाक 'आली' म्हणायचं, म्हणजे 'आला' की 'आलं' हा वादच मिटला.

आणि आता खरी गंमत ऐक. संस्कृत कोशात 'हक्क' म्हणजे हत्तीला बोलावण्याचा आवाज. प्राकृतात 'हक्का' म्हणजे हाक आणि 'हक्कइ' म्हणजे हाकतो. म्हणजे आपण मारतो ती हाक आणि बंडी हाकतो ते हाकणं ही सख्खी भावंडं! हाकारा, हाकाटी, हाकलणं, हकालपट्टी सगळी याच घरची. त्यावर कडी म्हणजे बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'हक्क' हा धातू 'निषेध', म्हणजे थांबवणे, या अर्थी दिला आहे. बोलावणं, कामाला लावणं, थांबवणं, तिन्ही एका धातूत. इंटरप्ट याहून वेगळं काय करतो? हातचं काम थांबवतो, नावाने बोलावतो, दुसऱ्या कामाला लावतो. माझं तर ठाम मत आहे की हा शब्द आपल्याकडे आठशे वर्षं तयार बसला होता.

एका जाणकारांनी मला सुनावलं की हाक हा अरबी 'हक्क'वरून आला, कारण हाक मारायला हक्क लागतो. हे व्युत्पत्तिशास्त्र नव्हे, यमक जुळवणं आहे. अरब व्यापारी येण्याची वाट पाहत आमचे गुराखी मुके बसले होते काय? आपल्याकडची पोरंही हल्ली 'त्याले आवाज दे' म्हणतात. ते हिंदीचं देणं आहे, आणि आवाज फारसी. हाक घरात असताना उसनं कशाला आणायचं?

डवरणीच्या, म्हणजे बैलांनी कोळपायच्या, दिवसांत पऱ्हाटीत (कपाशीत) उभा राहून बघ. तीन डवरे तीन तासांत, म्हणजे पिकाच्या तीन ओळींत, चाललेले. धुऱ्यावरून (बांधावरून) मालकीण हाक देते. सालदार बैलांना 'हो' म्हणतो, उचललेलं पाऊल टेकवतो, डवरा त्याच झाडापाशी सोडतो, ऐकून घेतो, सांगितलेलं करतो आणि परत त्याच झाडापासून पुढे निघतो. प्रोसेसरही हातातली सूचना पुरी करतो, रजिस्टरं जपून ठेवतो, सांगितलेलं उरकतो आणि सोडल्या जागेवरून पुढे चालू लागतो.

मालकिणीची ती हाक कसली होती? कोठ्याची चावी वळचणीतून काढून घरात ठेवली, एवढीच. पण तिघांच्याही डोक्यात जुनी जागा. मेमरीचं कोणतं पान (ठरावीक मापाचा तुकडा) कुठे आहे, याची टिपणं प्रत्येक प्रोसेसर आपल्या टीएलबीत ठेवतो. कर्नलने पान काढून घेतलं की बाकीच्यांची टिपणं शिळी होतात, आणि शिळ्या टिपणावर चालणारा भलत्याच्याच जागेत हात घालतो. म्हणून बदलणारा प्रोसेसर बाकीच्यांना हाक देतो आणि प्रत्येकाची ओ येईपर्यंत थांबतो. इंग्रजीत याला 'टीएलबी शूटडाउन' म्हणतात. कोणी कोणाला गोळी घालत नाही. हाकेला ओ देणं, इतकंच घडतं. (इंटेलच्या मशीनवर लिनक्समध्ये प्रोक फोल्डरातली इंटरप्ट्स नावाची फाइल उघड. शूटडाउनची ओळ दिसेल, शिवाय रिशेड्युलिंगची, म्हणजे कामं नव्याने वाटण्याची. या दुसऱ्या हाकेला ओ लागत नाही. ऊठ, नवं काम आलं, एवढाच निरोप.)

आणखी एक. प्रोसेसरने इंटरप्ट बंद ठेवले असतील तर हाक दारात ताटकळते. पण नॉन-मास्केबल इंटरप्ट असा अडत नाही. अडकून पडलेला प्रोसेसर नेमका कुठे रुतला हे काढून घ्यायला कर्नल तोच पाठवतो. त्याला 'बोंब' म्हण. 'ना हाक ना बोंब' म्हणताना आपण हा फरक रोज करतोच.

सेमिनारच्या पहिल्या पाटीवर (स्लाइडवर) असं लिही: "शून्य नंबरच्या प्रोसेसरने बाकी तिघांना हाक दिली आणि तिघांची ओ येईपर्यंत तो थांबला."