आधी मोज, मग खोल

प्रिय बेटा,

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा मी हरभऱ्याचं ओलीत करून नुकताच घरी आलो होतो. रात्रीचीच लाइन आहे सध्या. तू एका दमात सांगितलंस, "काकाजी, जिप्सी दहा किलोमीटरवर गरम होते, मिस्त्री म्हणतो इंजिनच बदल, बाबा म्हणतात जंगल सफारीवाल्याला विकून टाक, मी काय करू?" मी म्हटलं सकाळी बोलू. सकाळी फोन केला नाही, कारण केला असता तर रागावलो असतो. म्हणून लिहायला बसलो.

इंजिन बदलायचं का, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तुझ्याजवळ नाही, बाबांजवळ नाही आणि त्या मिस्त्रीजवळही नाही. कारण चौघांपैकी एकानेही अजून काहीच मोजलेलं नाही. आधी मोज, मग खोल. हे मी तुला तू पाना धरायला शिकलास तेव्हापासून सांगतो आहे.

तू मला त्या अमेरिकेतल्या सुबारूचा व्हिडिओ पाठवलास. पोरगा घरच्या शेडमध्ये इंजिन बाहेर काढून स्टँडवर लावतो, हेड म्हणजे सिलिंडरांवरचा टोप, त्याखालचं गॅस्केट बदलतो, संध्याकाळी गाडी चालू. छान आहे. पण सुबारूचं इंजिन आडवं असतं, दोन्हीकडचे सिलिंडर एकमेकांकडे पाठ करून झोपलेले. हेड चेसिसच्या अगदी जवळ येतं, म्हणून ते लोक इंजिन उतरवूनच काम करतात. आपल्या जिप्सीचे चारही सिलिंडर उभे, एका ओळीत. हेड जागेवरच निघतं. त्याने केलं म्हणून तू इंजिन उतरवायचं काही कारण नाही. आणि दुसरं सांगतो, मी तो व्हिडिओ पहिल्यापासून पाहिला. सुरुवातीचा बराच वेळ तो पोरगा फक्त मोजतो. रेडिएटरला पंप लावून दाब धरतो, प्रत्येक सिलिंडरचा आकडा वहीत लिहितो. तू तेवढा भाग पळवलास ना? मला खात्री आहे, पळवलास.

तुझ्या आजोबांची गाडी 1997 ची, म्हणजे जिप्सी किंग, 1298 सीसी, कार्बोरेटरवाली. 1985 च्या डिसेंबरात जिप्सी पहिल्यांदा आली ती 970 सीसीची होती. 1996 ला हे मोठं इंजिन आलं आणि 2000 साली एमपीएफआय, कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारं. मिस्त्री तुला ते एमपीएफआय बसवायला सांगतो आहे. त्यात वायरिंग आलं, ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक आला, टाकीतला पंप आला, आणि आरसी बुकावरचा इंजिन नंबर बदलला की आरटीओची परवानगी आली. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गंमत म्हणून लिहिलेलं नाही. 15 वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी पासिंगला गाडी उभी करावी लागते, तेव्हा नंबर जुळला नाही तर काय सांगशील? आणि एवढं सगळं कशासाठी, तर गाडी गरम होते म्हणून. का गरम होते हे कोणी पाहिलं?

आता माझं ऐक. 2004 च्या मे महिन्यात माझी पहिली जिप्सी, ती जुनी 970 वाली, अशीच गरम व्हायला लागली. चंद्रपूरचं ऊन तुला माहीत आहे. 46 अंश. मी दुसऱ्याच दिवशी कोठ्यासमोरच्या कडुलिंबाखाली हेड उतरवलं. कोणाला विचारलं नाही, काही मोजलं नाही. हेड गावातल्या लेथवर घासायला दिलं, त्याने गरजेपेक्षा जास्त घासलं. इंजिन ठोकायला लागलं, गॅस्केट दोनदा गेलं. दिवाळीपर्यंत मी ती गाडी भंगाराच्या भावात दिली. पुढच्या वर्षी कोठ्यातला जुना डबा साफ करताना तिच्या रेडिएटरचं झाकण हाती आलं. उलटं करून पाहिलं तर खालच्या रबराचा नखाएवढा तुकडा उडालेला. बस्स, तेवढंच. ते झाकण अजून माझ्या कोठ्यात खिळ्याला टांगलेलं आहे. तू ते शंभरदा पाहिलं असशील, ते तिथे का आहे हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही.

झाकणाला लोक झाकण समजतात. ते दाब धरायचं काम करतं. तुझ्या झाकणावर आकडा कोरलेला असेल. तो 0.9 असेल तर त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर गेलं की दाब गेला, आणि मग 100 अंशांलाच उकळी. झाकणाच्या मधोमध एक बारीक वाल असतो, तो गाडी थंड होताना पाणी परत आत ओढू देतो. तो अडकला की सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. तुझा होज सकाळी कसा असतो? पाहिलास? जानेवारीत गरम होते म्हणजे उन्हाचा दोष नाही, एवढं तर दिसतंच आहे.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वाल. तुझ्या मिस्त्रीने तो काढून फेकला असेल, आपल्याकडे सगळेच फेकतात. तो नसला की इंजिन थंडीत तापतच नाही, तेल घाण होतं, आणि खरा रोग झाकला जातो तो वेगळाच. असेल तर काढ. एका गंजात पाणी घे, थर्मोस्टॅट दोरीने मध्ये लोंबव, तळाला टेकू देऊ नकोस. शाळेतल्या प्रयोगशाळेचा 110 अंशांचा थर्मामीटर माग, सर देतील. चुलीवर हळूहळू तापव आणि डोळे त्यावरून काढू नकोस. वाल पहिल्यांदा हलतो तेव्हा थर्मामीटर वाच, आणि थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याशी जुळतो का पाहा. आईला गंज नीट घासून परत दे.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते. गेज माझ्याकडे आहे, घेऊन जा. इंजिन गरम असू दे, चारही प्लग काढ, कॉइलची वायर काढ, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मार. चार आकडे लिही. त्यांच्यात एक किलोहून जास्त फरक नको. शेजारशेजारचे दोन एकदम खाली असतील तर गॅस्केट. एकच खाली असेल तर त्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून परत मोज. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर वाल. एवढं कळल्यावर कोणी मिस्त्री तुला फसवू शकत नाही, आणि तूही स्वतःला फसवू शकत नाहीस. म्हणून म्हणतो, आधी मोज.

मोठ्या टायरांचं तू हळूच शेवटी विचारलंस. मला वाटलंच होतं. बाकीचं सगळं त्यासाठीच चाललं आहे का? कंपनीचं टायर 205/70 चं, 15 इंची. तू म्हणतोस ते 235/75. वही काढ. पहिल्याचा व्यास 668 मिलिमीटर, दुसऱ्याचा साधारण 733. म्हणजे काटा 60 दाखवेल तेव्हा तू 66 ने चाललेला असशील. सगळे गिअर दहा टक्के जड, ब्रेकवर ताण जास्त, कार्बोरेटरवाल्या त्या इंजिनाला चढावर खालचा गिअर. आणि त्याहून मोठी गोष्ट किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या, बेअरिंगची. ते सैल असलं की चाकं नाचतात.

ही गोष्ट मला लिहायला जड जाते. दुसरी जिप्सी घेतल्यावर मी गाडी उंच करायला पाट्यांना लांब शॅकल लावले, मोठी टायरं लावली. 60 च्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. मी स्टिअरिंगला डॅम्पर लावून ते दाबलं. मला ठाऊक होतं की मी ते दाबतो आहे. वरोरा-चिमूर रस्त्यावर एका खड्ड्यानंतर पुढची दोन्ही चाकं अशी नाचायला लागली की हातात काही राहिलंच नाही. गाडी नाल्यात. माझ्या धाकट्या भावाचं मनगट मोडलं, ते आजही पूर्ण वळत नाही. तो कधी बोलला नाही. मीच दर पोळ्याला त्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावताना पाहतो, डाव्या हाताने.

किंगपिनचं बेअरिंग घट्ट आहे का हे हाताने हलवून कळत नाही. दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड सोड, नकलचं, म्हणजे चाकाबरोबर वळणाऱ्या भागाचं, सील काढ, आणि टाय रॉडच्या भोकात ताणकाट्याचा हूक अडकवून नकल फिरव. फिरायला सुरुवात करताना काटा 1 ते 1.8 किलोच्या मध्ये दिसला पाहिजे. कमी असेल तर खालीवर शिम, म्हणजे पातळ चकत्या असतात, त्यातली काढायची. कापूस वेचणीचा काटा वापरू नकोस, त्याला किलो दोन किलो कळतच नाही. छोटा काटा शंभर-दीडशे रुपयांना मिळतो. माझ्या भावाचं मनगट त्या दीडशे रुपयांत वाचलं असतं. हा आकडा जागेवर आल्याशिवाय मोठ्या टायरांचा विषय माझ्यासमोर काढायचा नाही.

पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या मात्र न मोजता बदल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, जुनं रबर त्यात मऊ होतं आणि उभ्या गाडीत हे पेट्रोल ओल धरतं. चार वर्षं उभी होती ना गाडी? टाकी रिकामी कर, कार्बोरेटरचा फ्लोट बाउल उघडून धू. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर ओले आहेत का पाहा. गाडी विटांवर चढवून खाली गेलास असं कानावर आलं तर मी स्वतः येऊन पाने घेऊन जाईन.

लोक मला हेकट म्हणतात, तुझे बाबाही म्हणतात. मी ज्या गॅरेजात सात वर्षं होतो तिथे गाडी आली की आधी पार्ट बदलायचा, मग पाहायचं, अशी पद्धत होती. गिऱ्हाइकाच्या कापसाच्या पैशातून नको असलेला क्लच बसवताना मला झोप येत नसे. मी सोडलं. नागपूरला जाऊन स्वतःचं गॅरेज टाकलं असतं तर आज चार पोरं हाताखाली असती, हे खरं आहे. तुझी काकीही कधीकधी म्हणते. पण माझी जिप्सी आजही त्याच कार्बोरेटरवर, त्याच इंजिनावर एका सेलमध्ये लागते, आणि तिचा वालचा गॅप मी दर दिवाळीला फीलर गेजने घेतो. इनटेक 0.15 मिलिमीटर, एक्झॉस्ट 0.18, थंड इंजिनावर. वहीत एकवीस वर्षांचे आकडे आहेत. मला ते कमी वाटत नाही. तुला वाटलं तर वाटू दे, तू तरुण आहेस, पण मग माझ्याकडे कशाला आलास?

रागावलो असेन तर मनावर घेऊ नकोस. तुझे आजोबा त्याच गाडीत मला चिमूरच्या दवाखान्यात घेऊन गेले होते, पावसात, पुलावरून पाणी जायच्या आत. ती गाडी सफारीला जावी असं मला वाटत नाही. पण मला वाटतं म्हणून तू ठेवू नकोस.

रविवारी मी येतो. तोवर झाकण, थर्मोस्टॅट, चार सिलिंडर, पुढच्या दोन नकल, एवढे आकडे एका कागदावर लिहून ठेव. हेडच्या एकाही बोल्टला पाना लागलेला मला दिसता कामा नये. बाबांना सांग, काकाजी म्हणाले रविवारपर्यंत गिऱ्हाइकाला थांबव. गेज न्यायला उद्या संध्याकाळी ये, काकी घरी असेल, मी ओलितावर.

तुझा
काकाजी