सुरुवात रुईपासून करा

सोलापूरच्या उन्हात फुलपाखरं कुठली, असं मनात आणू नका. पडीक जागेतलं रुईचं झुडूप गाठा. प्लेन टायगर तिथेच सापडतं: नारिंगी पंख, टोकं काळी, त्यावर पांढरा पट्टा. सध्या एवढी एकच जात धरा, यादी वाढवायची घाई नको.

पान अलगद उलटून पाहा, खाली एकेकटं पांढुरकं अंडं असतं. अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. फार देखणी! रुईतलं विष ती अंगात साठवते, पुढे फुलपाखरातही ते राहतं. म्हणून पक्षी सहसा वाटेला जात नाहीत आणि ते निवांत उडतं. नवख्याला फोटोसाठी उत्तमच.

नेहमीच्या चुका:
- अळी घरी आणून कढीपत्ता घालणं. ती उपाशी मरते.
- रुईचा चीक लागलेला हात डोळ्याला लावणं. हे कटाक्षाने टाळा, डोळ्याला गंभीर इजा होते.
- डॅनिड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराच्या मादीला फसणं. ती हुबेहूब नक्कल करते. मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असले तर प्लेन टायगर. वरच्या कडेला एकच असेल तर ती एगफ्लायची मादी.

नर-मादी, उपजाती नंतर बघू. उद्या सकाळी ऊन तापायच्या आत एका झुडपापाशी बसा.