डबा भरलेलाच परत येतो

पत्र : माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान झालं आणि दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेटची गोळी सुरू केली. वर्गात तो बसून लिहायला लागलाय, बाई खूश आहेत. पण डबा जसाच्या तसा परत येतो. वजन किलोभर उतरलं. संध्याकाळी उगाच रडतो, चिडतो, रात्री अकरापर्यंत झोप नाही. सासूबाई म्हणतात, ‘पोराला नशेची गोळी देतेस.’ चार दिवस झाले, कुणालाही न सांगता मी गोळी बंद केलीय. माझं चुकलं का? – एक आई, सातारा

प्रिय ताई,

मूल जेवेना म्हटल्यावर कुठल्याही आईचा हात गोळी देताना अडखळणारच. चुकलं ते एवढंच, की डॉक्टरांना सांगितलं नाहीत. आजच फोन करा. या गोळीचा असर त्याच दिवशी उतरतो, त्यामुळे चार दिवस न दिल्याने सहसा काही बिघडत नाही. पण पुन्हा कधी, किती द्यायची हे त्यांनाच ठरवू द्या.

भूक मरणं, झोप लांबणं, संध्याकाळची चिडचिड, हे या औषधाचे नेहमी दिसणारे त्रास आहेत. मेंदूतलं जे रसायन वाढल्याने लक्ष टिकतं, त्यानेच भूकही दबते. आणि गोळीचा असर उतरताना काही मुलं अशी बिथरतात. तो हट्टीपणा नाही. त्या तासाभरात गृहपाठ काढू नका, काहीतरी खायला द्या, मैदानावर पळू द्या.

माझ्या भाच्याचं असंच होतं. दुपारी घास उतरायचा नाही आणि रात्री नऊला भाकरी मागायचा. बहीण वैतागायची, ‘जेवायच्या वेळी का नाही?’ मग लक्षात आलं, त्याची जेवायची वेळच ती आहे. तेव्हापासून साडेनऊपर्यंत ओटा आवरायचा नाही, असं ठरलं. तुम्हीही सकाळी गोळीच्या आधी पोटभर खायला घाला. तूप लावलेली पोळी, अंडं, शिरा, जे आवडेल ते. दुपारच्या डब्यावरून मात्र रागावू नका.

तरीही त्रास राहिला, तर डॉक्टरांच्या हातात बरंच काही असतं. डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते. साधी गोळी साधारण चार तास टिकते, हळूहळू विरघळणारी आठ ते बारा तास. झोपेसाठी हा फरक मोठा. अगदीच सोसलं नाही तर अॅटोमॉक्सेटिनसारखं, या गोळीसारखं उत्तेजक नसलेलं औषधही आहे. मुलगा गप्प, पुतळ्यासारखा बसत असेल तर तेही सांगा, डोस जास्त झालेला असू शकतो.

उंचीची काळजी तुम्हाला आज ना उद्या वाटेलच. उत्तर अमेरिकेतल्या, एडीएचडी असलेल्या ५७९ मुलांच्या मोठ्या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष १९९९ साली आले. नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने लक्षणं चांगली आटोक्यात आली. पण त्याच मुलांना मोठेपणी मोजलं, तेव्हा वर्षानुवर्षं औषध घेतलेली मुलं फारसं न घेतलेल्यांपेक्षा सरासरी अडीच सेंटिमीटर कमी उंच निघाली. म्हणून दर तीन महिन्यांनी वजन आणि दर सहा महिन्यांनी उंची, नाडी, रक्तदाब बघायलाच हवा. हे बघितलं जात नसेल तर मागून घ्या.

सासूबाईंची भीती निराधार नाही. या औषधाचा गैरवापर होतो, म्हणूनच ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पण डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत तोंडाने घेतलेल्या गोळीची मुलाला सहसा चटक लागत नाही. पाकीट तुमच्या कपाटात, कुलपात ठेवा. आणि पुढच्या वेळी त्यांनाही सोबत न्या, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, भास होणं, जीव द्यायची भाषा, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयविकाराने गेलं असेल, तर तेही डॉक्टरांना आठवणीने सांगा.

तोवर एका वहीत लिहीत जा : गोळी किती वाजता, काय खाल्लं, रडू कधी आलं, झोप कधी लागली. गोळीच्या आधीही तो उशिराच झोपायचा का, हेही आठवून लिहा. आणि त्यालाच विचारा, ‘गोळी घेतल्यावर कसं वाटतं रे?’ आठ वर्षांचं मूल नीट सांगतं. उद्याच्या डब्यात पोळीभाजीऐवजी दोन शेंगदाण्याचे लाडू ठेवून बघा. एक जरी संपला, तरी वहीत लिहा.

तुमची ताई