लिंबात मुरवलेला मासा ‘शिजतो’ का?

प्रश्न : मुलं घरी सुशी करतात. बाजारातला ताजा रावस लिंबात मुरवून कच्चा खाल्ला तर चालेल का? तो पांढरा होतोच.
– एक वाचक, दादर

उत्तर : नाही, कृपया खाऊ नका. आंबटामुळे माशातली प्रथिनं साकळतात, म्हणून तो शिजल्यासारखा दिसतो. पण अ‍ॅनिसाकिससारख्या कृमींच्या अळ्या लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये जिवंत राहू शकतात. (रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण तो सुशीतला सॅल्मन नव्हे.) या अळ्या मरण्यासाठी कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर घट्ट गोठवून तिथेच १५ तास ठेवावा लागतो. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ पर्यंत जातो, दार उघडलं की तेही टिकत नाही. शिवाय गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत. त्यापेक्षा तुकडी तव्यावर नीट भाजून सुशीत घाला: मध्यभागी ६३ अंश, काट्यालगतचं मांस सहज सुटेल इतकी.

आधीच खाल्ला असेल आणि काही तासांत पोटात तीव्र कळा, उलट्या सुरू झाल्या, तर लगेच डॉक्टरांना गाठा आणि ‘कच्चा मासा खाल्ला’ हे आधी सांगा. ही अळी शौचतपासणीत सापडत नाही. पोटात दुर्बीण घालून (एंडोस्कोपी) ती चिमट्याने काढतात.