नवऱ्याचा रिपोर्ट कुठे आहे?

प्रश्न : वय २८, लग्नाला तीन वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. माझ्या सोनोग्राफ्या झाल्या, आता दुर्बिणीची तपासणी सुचवली आहे. यांची एकही तपासणी झालेली नाही. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या मुलाला काय धाड भरलीय?’

उत्तर : ताई, नवऱ्याची वीर्यतपासणी होईपर्यंत दुर्बिणीची तारीख घेऊ नका. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण सापडतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीने. धडधाकट शरीर आणि व्यवस्थित संबंध यांवरून शुक्राणूंचा अंदाज येत नाही. या तपासणीत भूल नाही, सुईसुद्धा नाही, आणि तरी आधी बाईच्या पोटाला छेद घेतला जातो याचा मला मनापासून संताप येतो. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा. घरून नेणार असाल तर तासाभरात, अंगाच्या उबेत लॅबमध्ये पोचवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांप्रमाणे दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यांतले ४२ टक्के हालचाल करणारे, ही खालची मर्यादा आहे. आकडा कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, एका रिपोर्टवर निकाल लावू नका. तुम्हाला पूर्वी टीबी झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्यामागे तो अनेकदा असतो.

प्रश्न : वय ३१. शुक्राणू शून्य आलेत. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतो, त्याने फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि मोठा पडतो. हा पुरुषी हॉर्मोन बाहेरून मिळू लागला की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना संदेश पाठवणं थांबवते आणि शुक्राणू बनणं बंद पडतं. इंजेक्शनं बंद करा, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि त्यांच्यापासून काही लपवू नका. शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात. सावरायला बहुधा सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. तरीही शून्यच राहिले, तर मार्गात अडथळा आहे की निर्मितीच होत नाही हे शोधावं लागेल. अडथळा असेल तर वृषणातून शुक्राणू काढून इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू थेट बीजात सोडण्याचा उपचार, करता येतं.

प्रश्न : वय २६, पीसीओडी (हॉर्मोन बिघडून पाळी अनियमित होते), वजन ७८ किलो. गोळ्या घेतल्या की पाळी येते. म्हणजे बीज तयार होतंय ना?

उत्तर : नाही. त्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, बीज फुटत नाही. चार ते आठ किलो वजन उतरलं तरी अनेकींची पाळी आपोआप सुधारते. पुरेसं झालं नाही तर बीज फुटण्यासाठी लेट्रोझोल हे पहिल्या पसंतीचं औषध आहे, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं. त्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचा हॉर्मोन) आणि अर्थात नवऱ्याची तपासणी.

प्रश्न : वय ३७, एएमएच ०.८. सगळे म्हणतात, वर्षभर वाट बघा.

उत्तर : बघू नका. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी करायची. एएमएच ही रक्ततपासणी बीजांचा साठा दाखवते, तुमचा तो कमी आहे. दर्जा मुख्यतः वयावर ठरतो, त्यामुळे या आकड्याने खचूनही जाऊ नका. कायद्याने पन्नाशीपर्यंत आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करता येतं, पण स्वतःच्या बीजाने यश मिळण्याची शक्यता चाळिशीनंतर झपाट्याने घटते. याच महिन्यात दोघंही डॉक्टरांना भेटा.