कोक (कोळसा हवेविना भाजून केलेलं झोतभट्टीचं इंधन) करण्याआधी कोळसा तापवून घेणं फायद्याचं असेल, तर सगळे कारखाने तसं का करत नाहीत? जुन्या बॅटरीला, म्हणजे कोक ओव्हनच्या रांगेला, ही सोय जोडता येते का?

फायदा खरा आहे, आणि त्याचं मूळ पाण्यात आहे. ओव्हनमध्ये भरायच्या कोळशात साधारण 8 ते 10 टक्के पाणी असतं. म्हणजे 30 टन कोळशाबरोबर अडीच-तीन टन पाणी आत जातं, आणि त्याची वाफ करण्यातच बरीच उष्णता जाते. मी कोक ओव्हनवर काम केलं आहे. चार्जच्या, म्हणजे ओव्हनमध्ये भरलेल्या कोळशाच्या, मधोमध थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवला की दिसतं, तापमान 100 अंशांवर येतं आणि तासन् तास तिथून हलत नाही. भिंतीलगत कोक तयार झालेला असतो, मधला कोळसा अजून ओलाच!

तोच कोळसा 200 अंशांच्या आसपास तापवून भरला की हे थांबणं संपतं. कोकिंगचा वेळ घटतो, तेवढ्याच ओव्हनमधून जास्त कोक निघतो. मला मात्र घनतेचा फायदा जास्त मोलाचा वाटतो. ओले कण पाण्याच्या पातळ थरामुळे एकमेकांना चिकटतात आणि मध्ये पोकळ्या राहतात. कोरडे कण घसरून नीट बसतात. पुढे 350 ते 500 अंशांदरम्यान कोळसा मऊ पडतो, तेव्हा कण जवळजवळ असले की पक्के सांधले जातात. त्यामुळे मिश्रणात कमी प्रतीचा कोळसा वाढवूनही झोतभट्टीचा (लोखंड गाळायच्या भट्टीचा) भार पेलणारा कोक मिळतो. चांगला कोकिंग कोल (कोक करण्याजोगा कोळसा) महाग असतो, म्हणून ही बचत मोठी.

पण पाणी धुळीला धरून ठेवत होतं, ते काम आता कोण करणार? 1970च्या दशकात कोलटेक, प्रीकार्बन, थर्मोचार्ज अशा पद्धती आल्या. कोलटेकमध्ये तर वाफेच्या जोरावर पाइपातून कोळसा ओव्हनमध्ये सोडत. चार्जिंगच्या वेळी एकदम उसळणाऱ्या वायूबरोबर भुकटी गॅसच्या मुख्य नळात जाई आणि डांबरात बसे. गरम कोरड्या भुकटीला हवा लागली तर स्फोटाचा धोका, आणि हवेने कोळशाची चिकटण्याची ताकदही घटते. म्हणून सगळा मार्ग बंद आणि निष्क्रिय वायूने भरलेला ठेवावा लागे. त्यात दाट भरलेला चार्ज फुगून सिलिका विटांच्या भिंतींवर जास्त दाब देतो. देखभाल वाढत गेली आणि बहुतेक ठिकाणी हे प्रकल्प बंद पडले.

जपानने नेट सोडला नाही. तिथे आधी ओलावा फक्त 5-6 टक्क्यांवर आणायची पद्धत रुळली. नंतर भुकटी वेगळी काढून, दाबून तिच्या वड्या करून भरणं सुरू झालं. त्याच वाटेवर पुढे कोळसा झपाट्याने तापवणारं स्कोप 21 तंत्र ओइता इथल्या कारखान्यात 2008 साली प्रत्यक्ष उत्पादनात आलं. तिथे मात्र ओव्हनची बॅटरीही नवीच बांधली होती.

जुन्या बॅटरीला पूर्ण प्रीहीटिंग जोडायच्या मी ठाम विरोधात आहे. आधी भिंतींच्या भेगा आणि वाकलेपणा तपासा. भिंती धड असल्या तरी वाया जाणाऱ्या उष्णतेवर कोळसा 5-6 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा आणि तिथेच थांबा. उष्णतेची बचत आणि घनता दोन्ही बऱ्यापैकी पदरात पडतात, आणि धूळही आवाक्यात राहते.